नवा भाव निघेपर्यंत

माझी मुलगी डिंपल सावद्यात केळीचा रोजचा भाव मोबाइलवर कळवणारं ॲप चालवते. काल ते ऐन कापणीला बंद पडलं. शेकडो फोन सर्व्हरला क्षणाक्षणाला विचारत होते, भाव निघाला का? त्या माऱ्याने तो कोलमडला. तिने पद्धत उलटी केली. आता फोनने विचारायचं नाही, भाव निघाला की सर्व्हरनेच एकदा सांगायचं.

आज सकाळी हेमराजभाऊंच्या केळीच्या बागेत मजूर विळे घेऊन थांबले होते आणि सगळ्यांचे फोन गप्प होते.

"आजबी मेलं का तुझं यंत्र?" हेमराजभाऊ म्हणाले. "मग टाकतो सगळ्यांच्या फोनातून काढून."

"भाऊ, भाव निघालाच नाही अजून."

डिंपलचा आवाज ठाम होता, पण ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट आवळलं होतं. मला बघवेना.

तेवढ्यात सगळे फोन एकदम वाजले.

"कापा रे," आलेला भाव वाचून हेमराजभाऊ मजुरांना म्हणाले.