अ‍ॅम्पवरची पावलं

नाना बोलत नसत, ओरडत. पुण्याजवळ नांदे गावात त्यांच्या तीन मजली घरात आम्ही सगळे भाडेकरू परभणी-लातूरकडचे, हिंजवडीत नोकरीला जाणारे. आमच्यात त्यांचं नाव 'कर्णा' पडलं होतं. खालून "अगं, च्या!" अशी हाक आली की वरच्या मजल्यावर मला जाग येई. नवीन असताना मी एकदा त्यांना जिन्यात गाठून म्हणालो, "नाना, जरा हळू बोलत जा ना. माझी रात्रपाळी असते." ते त्याच आवाजात म्हणाले, "हळू बोलून भागतंय व्हय, सायेब? माजं गिऱ्हाईक बहिरं हाय!"

गिऱ्हाईक म्हणजे काकू. लहानपणी तापात त्यांचे कान गेले. अगदी पूर्ण नाही. नानांचा आवाज तेवढा त्यांना ऐकू येई. मुलीनं आणून दिलेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ट्रंकेत टाकलं होतं. त्यामुळे कुणाची म्हैस व्याली, कुठल्या टॉवरच्या पाण्याच्या टँकरनं बांध मोडला, हे सगळं नाना त्यांना ओरडून सांगत. भांडणही ओरडूनच. नवराबायकोतलं गुपित असं त्या घरात काही उरलंच नव्हतं. आम्हा भाडेकरूंना सगळं ठाऊक असे.

मग तंबाखूनं नानांचा घसा धरला. ऑपरेशन झालं, आवाज गेला, उरली ती नुसती फुसफुस. दुखणं मागं राहिलंच होतं, हे डॉक्टरांनी मुलीला सांगितलं आणि मुलीनं मला. काकूंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या नानांच्या ओठांकडे बघत बसत आणि मधेच चिडत, "काय म्हनताय? मोठ्यानं बोला की!" आणि बोलून गेल्यावर तोंडाला पदर लावत.

माझ्याकडे गिटारचा एक जुना अ‍ॅम्प होता. काळ्या रेक्झिनची पेटी, पुढं जाळी, जाळीमागं स्पीकर. नानांना वर गच्चीवर बोलावून मी त्याला माईक जोडला आणि त्यांच्या हातात दिला. ते फुसफुसले, "अगं." गच्ची दणाणली. नाना स्वतःच दचकले, मग खोकला येईपर्यंत हसले.

पण पेटी खाली नेली तर काकू दारात आडव्या. "ते काळं धूड आजाऱ्याच्या उशाशी न्हाई ठेवायचं."

म्हणून रंगवायचं ठरलं. काकू रोज उंबऱ्यापाशी लक्ष्मीची पावलं काढत. त्या पावलांचा फोटो घेऊन मी जाड प्लॅस्टिकवर तो आकार उतरवला आणि कटरनं कापून स्टेन्सिल केलं. गच्चीवर नाना खुर्चीत बसले. मी पेटी पॉलिश पेपरनं घासली, बटणांवर आणि जाळीवर चिकटपट्टी लावली, स्टेन्सिल वरच्या पृष्ठावर ठेवून पांढरा स्प्रे मारला. पहिल्या पावलाला स्टेन्सिलखालून रंग पसरला. नानांनी माईक तोंडाशी धरला असता तर गावाला ऐकू गेलं असतं. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "फवारा मारतूस का आंगूळ घालतूस?"

पुढची पावलं छान उमटली. कडेनं वेल काढली. पेटी खाली नेऊन भिंतीशी, नानांच्या उशाशी ठेवली आणि माईक जोडून चालू केली. जाळी खोलीकडे. काकूंनी हात फिरवला. "माजी पावलं हायेत ही!" त्या खूष झाल्या. मग दाराकडे बघितलं, परत पेटीकडे, आणि त्यांचा हात थांबला.

"अवं, ही तर भाईर निघालीत."

खरंच, पावलांची बोटं दाराकडे होती. लक्ष्मी घरातून बाहेर चालली होती. घासताना बटणं आणि जाळी माझ्या बाजूला होती, मी तशीच बोटं माझ्याकडे करून स्टेन्सिल ठेवलं. दुसरा विचार केलाच नाही. "पुसतो काकू, थिनर आहे वर," असं मी खुणांसकट सांगितलं.

"उमटलेली पावलं पुसत्यात व्हय रं?"

तेवढ्यात नानांनी माईक उचलला. "असू दे. ती माजी हायेत."

ऑपरेशननंतर काकूंना ऐकू गेलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. त्या म्हणाल्या, "आवाज गेला, पर जीभ न्हाई सुदारली." आणि त्यांनी पेटी गर्रकन फिरवली. पावलं आत आली. पण जाळी भिंतीकडे गेली, आवाज भिंतीत. काकूंनी पेटी थोडी पुढं ओढली, भिंत आणि जाळीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. "बोला आता."

त्यानंतर रोज त्या तिथंच बसत. वांग्यात मीठ कमी आहे, मोटारीची चावी फडताळात आहे, मुलीला म्हणावं रडत येऊ नको, असं सगळं मला वर ऐकू येई. एकदाही मी तक्रार केली नाही. आता करणार तरी कशी?

दिवाळीआधी नाना गेले. रंगवलेल्या पावलांनी कुणी मरत नाही, हे मला कळतं. तरी बोटं जाळीच्या बाजूला, म्हणजे खाली ठेवल्यावर दाराकडे होणार, हे गच्चीवर शेजारी बसलेल्या नानांना दिसलंच असणार, मग ते का बोलले नाहीत, हे डोक्यातून जात नाही.

तेराव्यानंतर मी खाली गेलो. काकू पेटीमागं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात त्यांचं बोलनं ऱ्हायलंय का रं काही?"

मी नाही म्हणून मान हलवली. अ‍ॅम्प आवाज मोठा करतो, साठवत नाही. साठवणारा मोबाईल त्या सगळ्या दिवसांत माझ्या खिशात होता. कंपनीत माझं कामच बॅकअपचं. परक्या लोकांची बिलंसुद्धा मी दोन-दोन ठिकाणी जपून ठेवतो. इथं मला सुचलं नाही.

"मग नुस्तं चालू कर," काकू म्हणाल्या.

मी बटण दाबलं. माईक नव्हता, काही नव्हतं. नुसती घूं अशी बारीक घरघर. ती त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी जाळीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"हाय," त्या म्हणाल्या.