मावा जिलेबी आणि माझी तक्रार

आमचे रसायनशास्त्राचे सर लॅबमध्ये ब्युरेटची काचेची नळी कशी धरायची ते मुलींना हात धरून शिकवत. मुलांना तोंडी सांगितलेलं समजायचं, आमच्याच डोक्यात म्हणे काही शिरत नव्हतं. मी हात काढून घेतला, तर मोबाइलवर मेसेज सुरू झाले. मी उत्तर देईना, तेव्हा प्रॅक्टिकलचे मार्क कोणाच्या हातात आहेत ते विसरू नकोस, असा मेसेज आला. मग माझं डोकं फिरलं. कॉलेजच्या तक्रार समितीकडे मी लेखी तक्रार दिली.

समितीने मला बोलावण्याआधीच प्राचार्यांनी पप्पांना बोलावून घेतलं. एम.एस्सी. करणारी बाई मी, सही माझी, पण बोलणी बापाशी.

पप्पा नेपानगरच्या कागद कारखान्यातून रिटायर झालेले आणि प्राचार्य लहानपणी कारखान्याच्या आमच्याच कॉलनीत वाढलेले. कॉलनीत एक रीत होती. दोन घरांत भांडण झालं की वडीलधारे दोघांना समोरासमोर बसवून गोड खायला घालायचे. खाल्लं की मिटलं, पुन्हा तो विषय काढायचा नाही. पप्पांनी स्वतः कितीतरी भांडणं अशी मिटवली होती. प्राचार्यांनी त्यांच्यासाठी बुऱ्हाणपूरची गरम मावा जिलेबी मागवली, मम्मीची तब्येत विचारली, सर कसे बालबच्चेवाले आहेत तेही सांगितलं. कॉलनीतल्या पोराने पुढे केलेली प्लेट परत कशी करायची, म्हणून पप्पांनी मुकाट्याने खाल्ली.

घरी आल्यावर ते पंख्याखाली बसून राहिले. "निघताना तो म्हणे, काकांनी तोंड गोड केलं, आता मामला खतम. खाताना माझ्या ध्यानातच नाही आलं, बेटा."

"तुम्ही खाऊन आले, अन् मी तोंड बंद करू?" मी म्हणाले. अजून बरंच बोलले. त्यांची चूक भोळेपणाची होती हे मला कळत होतं, तरी दया आली नाही, संतापच आला. दुसऱ्या दिवशी मी समितीच्या अध्यक्ष मॅडमना गाठून सांगितलं की मी तक्रार मागे घेतलेली नाही, सुनावणी लावा. त्यांनी लावली. घरचं कोणी सोबत आणायचं असेल तर आण, असंही त्या म्हणाल्या. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले.

सुनावणीत प्राचार्यांचं काही काम नव्हतं, तरी ते येऊन बसले. मॅडमना म्हणाले, "घरच्या घरात मिटलेलं आहे हे. काकांना विचारा, आमच्या कॉलनीत तोंड गोड झाल्यावर कोणी मागचं उकरत नाही."

त्या दिवसापर्यंत त्यांना साहेब म्हणणारे पप्पा एकदम अरे-तुरेवर आले. "ज्याचं भांडण, त्याला आपण बसवत होतो ना रे? हिला कुठं बसवलं तू? ज्याचं भांडणच नाही त्यानं खाल्लं, तर तो नुसता नाश्ता झाला."

मॅडमनी हसू दाबलं आणि मला बोलायला सांगितलं. मी मोबाइल काढून मेसेज वाचायला लागले. हे मेसेज मी पप्पांना कधी दाखवले नव्हते. त्यातला सगळ्यात घाणेरडा वाचायची वेळ आली तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "हा राहू दे, वडील बसलेत." लिहिणाऱ्याला लाज वाटली नव्हती, मग वाचताना मी का लाजायचं? प्राचार्य खुर्ची सरकवून उठायला लागले.

"सर, बसा," मी म्हणाले. "मिटवायला आला होतात ना? मग काय मिटवत होता ते पण ऐकून जा."

ते बसले. मी शब्दन् शब्द वाचला. पप्पांनी मान खाली घातली नाही, याचा मला फार अभिमान वाटला.

समितीने सरांना दोषी ठरवलं. माझी प्रॅक्टिकल बाहेरच्या परीक्षकाने घेतली आणि मी चांगल्या मार्कांनी पास झाले. सरांना समज देऊन आमच्या लॅबमधून काढलं आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवायला पाठवलं. तुझं तर झालं ना, आता कशाला वाढवते, असं नातेवाईक म्हणतात. त्या वर्गात शाहपूरहून बसने येणाऱ्या, नुकत्याच बारावी झालेल्या मुली आहेत. मी विद्यापीठाकडे अपील केलं आहे.