प्लॅन बदलला, भिया!

निखिल गेल्याचं त्याच्या आईनंच फोनवर सांगितलं. "केतकी, निखिल चला गया गं..." एवढंच. आजारपण लांबलेलं होतं, कधीतरी ही बातमी येणार हे ठाऊक होतं. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला घेतलं की डोळे भरून येतील असं वाटलं होतं, पण खरं सांगते, हसूच येतंय. ज्यानं आयुष्यात एक गोष्ट ठरल्याप्रमाणे केली नाही, त्याच्यासाठी रडायचं तरी ठरवून कसं?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही इंदूरला एक मराठी शॉर्टफिल्म करायला घेतली. दिग्दर्शक निखिल, संवाद माझे. गोष्ट साधी, हायवेवर ढाबा चालवणारा बाप आणि नेहमी उशिरा घरी येणारा मुलगा. फिल्म पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायची होती. पुणेकर आपल्या मराठीला हसतील या धास्तीनं मी इतके शुद्ध संवाद लिहिले होते, की आमच्या घरात कोणी तसं बोललं असतं तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता. इंदूरबाहेर हायवेवर मानपूरचा एक ढाबा ठरवला. कॉलेजचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. आम्ही पोहोचलो तर ढाब्यावर अख्खी वरात जेवायला बसलेली! मालक म्हणाला, "भिया, कल आना, आज तो पूरी बरात है।" उन्हात उभं राहून आमचे बाप, म्हणजे बापाचं काम करणारे हौशी नट, असे काही चिडले की समोरून आलेल्या बसमध्ये चढून घरी निघून गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आज शूटिंग नाही तर फिल्मच नाही! निखिलचे डोळे मात्र लकाकायला लागले होते. सगळं बिघडलं की त्याला जे स्फुरण चढायचं, ते बघण्यासारखं असायचं. "प्लॅन बदलला, भिया!" इंदुरात भैयाचं भिया होतं, आणि तो मलासुद्धा भियाच म्हणायचा. "बाप गेला तर गेला, आपल्याकडे आई आहे ना!"

आई म्हणजे सुमनकाकू, त्याचीच आई. शहरातल्या त्यांच्या तुकोगंजच्या फ्लॅटमध्ये आमची वरात धडकली तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "मी? पागल झाला का रे?" म्हणाल्या, आणि साडी बदलून आल्या! मी त्यांना वाक्य दिलं, "किती रे हा उशीर! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता." काकूंनी विचारलं, "टांगणी म्हणजे खुंटी का गं?" झालं. पुढच्या प्रत्येक टेकला टांगणी आली की त्यांना हसू फुटायचं आणि पाठोपाठ आम्हालाही. निखिल "पाच मिनिटांत येतो" म्हणून कॅमेरा घेऊन खाली उतरला.

तो आलाच नाही. दुपार कलली, फोन बंद. काकूंनी केलेला भुट्ट्याचा कीस गार होत होता, त्याच्याशिवाय कोणी जेवायला तयार नव्हतं. काकू बाल्कनीत जात, परत येत, पुन्हा जात. उजेड चालला होता, फिल्म हातची चालली होती, आणि मी त्याला काय काय बोलायचं याची मनात तयारी करत होते. तेवढ्यात बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. खांद्यावर चालू कॅमेरा घेऊन निखिल उभा!

"अब येतो आहे का तू? सगळे भूके बसले आहेत ना रे! एक फोन तर करत जा... मी किती टेंशन घेतलं, मालूम आहे का? आणि हे काय तोंडात घुसवतो आहे? बंद कर पहिले!"

पठ्ठ्यानं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. इतका वेळ तो समोरच्या गच्चीवरून काकूंच्या बाल्कनीतल्या फेऱ्या टिपत होता! माझे सगळे संवाद केराच्या टोपलीत गेले, आणि मी आनंदानं नाचले. पुण्यात "अब येतो आहे का तू"ला सभागृह खो खो हसलं. "एक फोन तर करत जा"ला चिडीचूप झालं. नंतर एकानं विचारलं, "ही कुठली मराठी?" निखिल म्हणाला, "आमच्या घरची." मला त्याची फार आठवण येते.

परवा तुकोगंजला गेले होते. काकू म्हणाल्या, "ती पिक्चर लाव ना गं." लॅपटॉपवर लावली. "बंद कर पहिले"ला फिल्म संपते. काकू काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"केतकी, नंतर मी त्याला जेवायला वाढलं होतं ना? की चिल्लावतच राहिले?"

"वाढलं होतं काकू. दोनदा कीस मागून घेतला त्यानं."

"मग ते का नाही याच्यात?"

"जेवायला बसताना त्यानं कॅमेरा बाजूला ठेवला होता."

"हां..." काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल, तू पण जेवूनच जा."

मी हात धुवायला गेले.