हिंगणीची सातवी पिशवी

प्रज्ञा, माझी जुनी मैत्रीण, वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात तिचे विद्यार्थी बोर धरणाजवळच्या संशोधन केंद्रावर पक्ष्यांच्या पायात ओळखीच्या कड्या घालतात. "एकदा ये तरी," ती म्हणाली आणि या वेळी मी खरंच गेले.

वर्ध्याहून सेलूमार्गे हिंगणीला एसटी जाते, पण कमी. वेळ आधी विचारून घ्या आणि स्वेटर विसरू नका. स्टँडजवळ तर्री-पोहे खाताना पोहेवाल्याला केंद्राचा रस्ता विचारला.

"गणपत हाये ना तिथं? जाळी लावते तो," तो म्हणाला. "त्याचा बाप तितर धरून विके. जरा ध्यान ठेवजा."

तर्री संपली तरी ते वाक्य तोंडात राहिलं.

संध्याकाळी गणपतभाऊ भेटले. साठीचे, कमी बोलणारे. मी फोटो काढू लागले तसे म्हणाले, "माहा कायले काढता, ताई? पाखराचा काढा." मला तेही खटकलं. प्रज्ञाने सांगितलं, एक जरी पक्षी गायब झाला तर त्यांना कामावरून काढायचं, असं कॉलेजने बजावलंय. त्यांच्या हाताइतका हलका हात मात्र दुसरा नाही.

पहाटे दव पडलं होतं. गणपतभाऊ जाळीतून एकेक पक्षी सोडवून कापडी पिशवीत घालत, पिशव्या दोरीवर टांगत. सात मी मोजल्या. थोड्या वेळाने सहाच होत्या. सातवी त्यांनी सदऱ्यात सरकवताना मी पाहिली. फोटोही काढला. प्रज्ञा मोजमापात गुंतली होती. मी तिच्या कानात सांगितलं.

"गणपतभाऊ, सातवी पिशवी?" तिने साध्या आवाजातच विचारलं, पण विद्यार्थी वळून पाहू लागले. भाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग गुंड्या सोडल्या.

पिशवीत वटवट्या होता, चिमणीहून लहान पक्षी, भिजलेला, डोळे अर्धे मिटलेला.

"गारठलता. तुमचं काम चालू होतं, मॅडम, म्हणून नाई बोललो. अजून थोडी ऊब पाह्यजे त्याले."

"घ्या आत," प्रज्ञा म्हणाली. "त्याला कडी नको."

भाऊंनी गुंड्या लावल्या. आम्ही सगळे थांबलो. चहा गार झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी तळहात उघडला. वटवट्या क्षणभर बसला आणि बाभळीत गेला.

"माझं चुकलं, भाऊ," मी म्हणाले.

"मले विचारलं असतं तं दाखवलं असतं," ते म्हणाले आणि जाळीकडे वळले.

निघताना त्यांनी माझी बॅग रस्त्यापर्यंत आणून दिली.

घरी लेक फोटो बघत होती. एका फोटोपाशी थांबली. "आई, हा माणूस काय चोरतोय?"

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले. मग तिला वटवट्याची गोष्ट सांगितली.