पथ्य पाळणारा गुळव्या

माझी फजिती मीच सांगतो. गावाला ती ठाऊक आहे, पण जो तो आपल्या पदरचं तिखटमीठ लावून सांगतो आणि मला ते खपत नाही. चहा घ्या आणि नीट ऐका.

मी गुळव्या. मुरगूडच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या गुऱ्हाळावर तीस हंगाम मी गूळ काढला. शाळा चौथीपर्यंत. पण काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळणारा रस चुलाणावरून कधी उतरायचा, हे कळायला पदवी लागत नाही. मिनिटभर उशीर झाला की गूळ काळा पडतो, मिनिटभर आधी उतरवला की ढेप धरत नाही. माझ्या हातची ढेप एकदाही बिघडली नाही. ही बढाई नाही, आहे ते सांगतो.

शहाण्णवच्या पावसाळ्यात पायात खिळा घुसला. महिना झाला तरी जखम भरेना. मुरगूडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. गुळव्याला साखर! गाव आठ दिवस हसलं. डॉक्टर वयानं माझ्या पोरासारखे, पण तोंडानं रोखठोक. म्हणाले, "तात्या, गोड बंद, भात कमी. न्हायतर एक दिवस हा पाय काढावा लागंल."

मी बंद म्हटलं की बंद. चहातली साखर त्याच दिवशी सुटली, भात दुसऱ्या दिवशी. जोंधळ्याची भाकरी, मेथी, कारलं, आणि पहाटे नदीपर्यंत चालणं. गणपतीचा मोदक कपाळाला लावून शेजाऱ्याला दिला. गौरीला पुरणपोळीचं ताट समोर आलं, मी भाकरी मागितली. किती जणांना जमतं हे, सांगा बघू?

दसऱ्यापर्यंत साखर उतरली, जखम भरली. डॉक्टर बाकड्यावरच्या पेशंटांना सांगायचे, या तात्यांकडून शिका. मी मान ताठ करून बसायचो. काम नसतानाही एकदोनदा जाऊन बसलो, खोटं कशाला सांगू?

मग गुऱ्हाळ सुरू झालं. दिवाळीनंतर रक्त दिलं तर साखर पुन्हा वर.

"फराळ किती झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक करंजी न्हाय."

"तात्या, रक्त खोटं बोलत न्हाय."

"मग मी बोलतोय व्हय?"

आता मी खात नाही म्हणजे कुणीतरी मला खायला घालतंय. सरळ आहे की नाही? माझी बायको हौसा, तिला आमटीत गुळाचा खडा टाकायची जुनी सवय. मी चुलीजवळ पाट टाकला आणि आमटी उकळेपर्यंत हललो नाही. गुळाचा डबा कुलपात घातला, किल्ली करदोट्याला बांधली. सुनेचं चहाचं पातेलं हुंगून बघितलं. हौसा भांडली नाही. मुकाट्यानं माझं जेवण वेगळं, माझ्या डोळ्यांदेखत करू लागली. ते भांडणापेक्षा जड गेलं.

पुढच्या महिन्यात साखर आणखी वर. रक्त तपासणाऱ्याला म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय, आधी स्वतःचं रक्त तपास. त्यानं तपासलं. ठणठणीत निघालं.

आणि पायाची जखम पुन्हा उघडली. डॉक्टर म्हणाले, आता रोजचं इंजेक्शन. तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण पुढं म्हणाले, "लपून खाणारे लई बघितलेत मी."

माझ्या शब्दावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी उठलो.

"रविवारी गुऱ्हाळावर या. दिवसभर माझ्याजवळ बसा. गोडाचा कण पोटात गेलेला दिसला तर मुकाट्यानं इंजेक्शन घेतो. न्हाय दिसला तर भर दवाखान्यात माझी माफी मागायची."

डॉक्टर खरंच आले. हौसा भाकरी घेऊन आली होती, तीही बसली. पावण्याला रस द्यायची गुऱ्हाळाची रीत. डॉक्टरांना आलं-लिंबू घालून रस दिला. मी पाणी प्यालो, सगळ्यांना दिसेल असा.

पहिलं आधण, म्हणजे पहिली काहील, उकळून घट्ट होत आली. मी थोडा पाक पाण्यात सोडला, गोळी वळली, दाढेखाली धरली. चिकट. पुन्हा एक. अजून चिकट. तिसरी करकन मोडली, तेव्हा गड्यांना हाक दिली. काहील उतरली, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला. कडेचा गूळ बोटावर घेऊन जिभेवर ठेवला, खारट लागतोय का बघायला. मग ऐटीत वळलो.

"बघितलं? काय खाल्लं का मी?"

डॉक्टरांचा पेला हातातच राहिला. "तात्या, आत्ता तोंडात काय गेलं?"

"ती तपासणी."

"गिळली का न्हाय?"

"मग थुकू? लक्ष्मी हाय ती."

"दिवसाला आधणं किती?"

"सहा."

डॉक्टर बोटं मोजू लागले. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली. हौसानं पदर तोंडाला लावला. चुलाणापेक्षा माझे कान जास्त तापले. पण खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत ते मला खाणं वाटलंच नव्हतं. काम होतं ते.

शब्द म्हणजे शब्द. सोमवारी बाही वर सारली आणि इंजेक्शन घेतलं. किल्ली हौसापुढं ठेवली. माफी मागायची मला सवय नाही, पण तिला कळलं.

आणि तोंडाची तपासणी बंद केली. मालक घाबरले. म्हणाले, तात्या, तुमच्या जिभेवर हे गुऱ्हाळ उभं हाय. मीही घाबरलो होतो, पण दुसरी खूण धरली. पाण्यातली गोळी काहिलीच्या कडेवर आपटायची, टणकन वाजली की पाक तयार. कानावर हंगाम काढला. जखम भरली. साखर एवढी उतरली की डॉक्टरांनीच इंजेक्शन थांबवलं. पाय आजही शाबूत आहे.

गूळ कोल्हापूरच्या बाजारात गेला. तोच रंग, तीच चव, कुणाची तक्रार नाही. हंगाम संपल्यावर मी घरी छाती काढून म्हणालो, "बघ हौसा, जीभ लावली न्हाय, तरी एक ढेप बिघडली न्हाय."

हौसा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय की. म्हंजे तीस वर्षं नुसताच गूळ खाल्लासा."