चर बुजवण्याआधी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात माग सहाच, पण मीटर अंगणाच्या पलीकडे. मधे डोक्यावरून गेलेली जुनी वायर वाऱ्यात हलायची, म्हणून केबल जमिनीतून न्यायचं ठरलं. काम दिलं दुधनीकडच्या एका वायरमनला. माणूस मोजकं बोलणारा, बोलता बोलता कन्नडात शिरणारा, आणि इतका सावकाश की माझं डोकं फिरायचं.

त्यानं आर्मर्ड केबलच आणायला लावली. आत वीज वाहणाऱ्या तारा, त्यांवर आवरण, त्याभोवती पोलादी तारांचा वेढा आणि वर काळं प्लॅस्टिक. तो पोलादी वेढा त्यानं दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडला. चरीत वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू झाली आणि मग त्यानं विटा मागितल्या. मी उखडलो. एवढं चिलखत घातलेली केबल घेतली, आता तिच्यावर भिंत बांधणार का, असं तोंडावर विचारलं.

तो शांतपणे म्हणाला, "तारा केबलसाठी हायत. विटा खणणाऱ्यासाठी. खाली कायतरी हाय, हे त्याला आदी कळाय पायजे की."

विटा आल्या. घरच्यांनी बघितल्याशिवाय चर बुजवायची नाही, ही त्याची रीत. माती लोटण्याआधी त्यानं सगळ्यांना बोलावलं. बायको गेली, मागावरचे कामगार गेले. लिंबाच्या झाडापासून केबल चार पावलांवर, हे त्यानं प्रत्येकाला चालून मोजायला लावलं. मी नवी पेठेतल्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होतो. दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा मी हातानंच झिडकारलं.

तीन-चार वर्षांनी टॉवेल वाळत घालायला अंगणात खांब रोवायचा होता. गडी आला नाही, म्हणून तावातावानं पहार मीच घेतली. गुडघाभर खड्डा झाल्यावर वीट लागली. जुना पाया असणार असं धरून मी ती फोडली. पुढचा घाव वाळूत घुसला आणि खणकन आवाज आला.

बायको दारातून धावत आली. "अहो, पहार टाका. तितं केबल हाय, लिंबापासनं चार पावलं."

आत माग खडखडत चालूच होते. चारशे चाळीसची लाईन, आणि घामानं ओल्या माझ्या हातात लोखंडी पहार. पहार टाकून मी तिथंच बसलो. मेन बायकोनंच बंद केला.

वायरमन संध्याकाळच्या आत आला. वरचं प्लॅस्टिक फाटलं होतं, दोन पोलादी तारा चेपल्या होत्या, पण आतल्या आवरणावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं यंत्र लावून खात्री केली आणि फाटलेली जागा नीट बांधली. मला चार शब्द सुनावायचा त्याला पुरेपूर हक्क होता. त्यानं फक्त फुटलेल्या विटेच्या जागी नवी वीट मागितली. ज्याला मी चेंगट म्हणत होतो, त्याच्यामुळे मी जिवंत होतो. त्याच्या पाया पडावं असं मनापासून वाटलं, पण धीर झाला नाही.

वीट बसवून त्यानं हात झटकले आणि घरच्यांना हाक मारायला वळला. मी आधीच लिंबाला पाठ लावून उभा होतो.

"मोजा," तो म्हणाला.

मी चार पावलं चाललो, मोठ्यानं मोजत.