पहिल्या कपाची खोड

वसंतराव डांगोरे गेल्याची बातमी आमच्या दैनिकाच्या कार्यालयात एका चिठ्ठीवर आली. दुपारची वेळ होती. चिठ्ठी घेऊन यशोदाबाई गजभिये आल्या होत्या आणि अक्षरही त्यांचेच होते. ‘वसंतराव डांगोरे, मूळ राहणार पारशिवनीकडचे, सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतले कॉफीवाले, आज सकाळी वारले. दुकान तीन दिवस बंद राहील. चौथ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडेल.’ मी एकही शब्द न बदलता ती छापायला दिली. बदलण्यासारखे त्यात काही नव्हते. एक गोष्ट मात्र त्यात आली नव्हती, आणि ती फक्त जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. हा माणूस शेवटची पंधराएक वर्षे कॉफी विकत होता, आणि त्याला कॉफीचा वास येत नव्हता.

ते गेल्याला आता पाच आठवडे होत आहेत.

डांगोऱ्यांचे घर शेतकऱ्याचे. जमीन थोडी, भाऊ तीन. धाकटे म्हणून ते नागपुरात आले आणि रेल्वेच्या एका कँटीनमध्ये लागले. तिथल्या मद्रासकडच्या स्वयंपाक्याने त्यांना कॉफी भाजायला शिकवले. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी स्वतःचे दुकान काढले. सहा टेबले, रस्त्याकडे एक मोठी खिडकी, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत कोळशाची शेगडी व तिच्यावर हाताने फिरवायचे लोखंडी पिंप. नागपूर चहाचे शहर. चहाच्या चार टपऱ्या ओलांडून लोक या गल्लीत येत ते डांगोऱ्यांच्या भाजणीमुळे. बाजारातली तयार पूड त्यांनी कधी वापरली नाही. भाजताना ते पिंपाकडे पाठ करून उभे राहत, बघतही नसत. एक हात मागे पिंपाच्या मुठीवर, पिंप फिरते आहे, आणि दुसऱ्या हाताने समोरच्या फळीवरचे कप पुसणे चालू. मध्येच हात थांबवत आणि म्हणत, “झाली.” त्याच वेळी पिंप उतरवायचे. क्षणभर आधी नाही, नंतर नाही.

गिऱ्हाईक वेगवेगळ्या जातकुळीचे होते. वकील, कॉलेजातले मास्तर, गांधीबागेतले कापडवाले, आमच्या वर्तमानपत्रातले आम्ही चौघे. काटोलचे संत्र्यांचे अडते बापूराव पहिल्या बसने येत आणि बाजारात जाण्यापूर्वी इथे टेकत. कोणाला कडक लागते, कोणाला बशीत ओतून लागते, हे डांगोऱ्यांना दुसऱ्यांदा विचारावे लागत नसे. कप हातात दिल्यावर ते एकच प्रश्न करीत, “कशी झाली?” आणि उत्तर येईपर्यंत हलत नसत.

मग एका उन्हाळ्यात ते सायकलवरून पडले. डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागला. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा टाके निघालेले होते, चेहरा उतरला होता, बाकी माणूस ठीक दिसत होता. दुकान पुन्हा सुरू झाले. पहिल्या दिवशीच्या कॉफीला करपलेला वास होता. आम्हाला वाटले, आजारातून उठलेत, होते असे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. “कशी झाली?” ते विचारत. “नेहमीसारखी,” आम्ही म्हणत. मी स्वतः हे उत्तर नऊ दिवस दिले. तपासल्याशिवाय ओळ छापायची नाही हे ज्या धंद्याचे पहिले कलम, त्या धंद्यातले आम्ही चौघे रोज सकाळी एका भल्या माणसाच्या तोंडावर खोटे बोलत होतो आणि त्याला सौजन्य समजत होतो.

खरे बोलल्या त्या यशोदाबाई. त्या इंदोरा वस्तीतल्या. छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा नवऱ्यासोबत त्या मैदानात उभ्या होत्या. नवरा पुढे गिरणीत होता. डांगोऱ्यांच्या दुकानात त्या मोरीपाशी बसून कपबशा धूत. गिऱ्हाइकांनी त्यांचा चेहरा क्वचितच पाहिला असेल. त्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटाच होतो. त्या मागच्या दारातून बाहेर आल्या आणि हातातले तबक त्यांनी डांगोऱ्यांच्या समोर ठेवले. त्यात सात-आठ कप होते, सगळे अर्ध्याहून जास्त भरलेले.

“मालक, हे पाहा जी. आठ दिवसांपासून असेच वापस येऊन राहिले.”

“काहून? काय झालं?”

“काय झालं मले काहून विचारता? लोक तोंडानं वाहवा करून राहिले अन् कपात टाकून राहिले. बिया जळून राहिल्या तुमच्या. मोरीपर्यंत वास येते. तुम्हाले येत नाही का?”

डांगोऱ्यांनी एक कप उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला… मग खाली ठेवला. “नाही येत,” ते म्हणाले. “पडलो तवापासून कशाचाच नाही. वाटलं होतं, वास येईन वापस.” एवढे बोलून ते माझ्याकडे वळले. “तुम्हाले माहीत होतं, भाऊ?”

मी हो म्हणालो.

“मंग बोलले काहून नाही?”

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “दया केली तुम्ही माह्यावर. दयेनं दुकान बसते गा.”

भाजणी हाच त्या दुकानाचा प्राण होता आणि तो ज्याच्या नाकात होता ते नाक गेले होते. पुढे काय, हा प्रश्न त्यांनी त्याच दुपारी यशोदाबाईंना विचारला. डांगोऱ्यांच्या स्वतःच्या मनात एक साधी युक्ती होती. भाजताना यशोदाबाईंनी मागच्या खोलीत उभे राहायचे, वास भरला की खूण करायची. पिंप ते उतरवतील. कोणाला कळायचे कारण नाही.

यशोदाबाईंनी हात पदराला पुसले. “खूण करू? चोरावानी? नाक माहं अन् नाव तुमचं?”

“तसं नाही बाई…”

“तसंच आहे जी. भाजीन तर मी भाजीन. त्या खिडकीपाशी, उजेडात. लोकाईले दिसलं पाहिजे कोण भाजून राहिलं ते. नाही तर कप धुते, ते बरं आहे.”

डांगोऱ्यांनी लगेच होकार दिला नाही. त्याचे कारण त्यांनाही ठाऊक होते, यशोदाबाईंनाही आणि मलाही. यशोदाबाईंच्या हातचे धुतलेले कप चालत होते, कारण ते हात दिसत नव्हते. हात खिडकीत आले की सहा टेबलांपैकी किती भरलेली राहतील, हे कोणी सांगू शकत नव्हते. दोन दिवस दुकान बंद होते. तिसऱ्या दिवशी उघडले तेव्हा शेगडी आणि पिंप खिडकीशी आलेले होते. पिंपापाशी यशोदाबाई उभ्या होत्या. डांगोऱ्यांनी प्रत्येक टेबलाशी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितले, “माहं नाक गेलं. भाजणी आता यशोदाबाईची. कप मी धुतो.” आणि खरोखरच ते मोरीपाशी जाऊन बसले.

खिडकीजवळच्या टेबलाशी गांधीबागेतले एक कापड व्यापारी बसत. ते उठले. “डांगोरे, कप धुण्यापर्यंत ठीक होतं गा,” ते हळू आवाजात म्हणाले, “पण हे जास्त होऊन राहिलं.”

“शेठ,” डांगोरे मोरीतूनच म्हणाले, “इतके वर्ष कप त्याच धूत होत्या. तुम्ही तोंड त्यालेच लावलं.”

व्यापारी गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागे आणखी काहीजण कमी झाले. कोणी भांडले नाही, कोणी कारण सांगितले नाही. त्या पावसाळ्यात अशा कितीतरी दुपारी मी पाहिल्या की यशोदाबाई पिंप फिरवत आहेत आणि समोर चार टेबले रिकामी आहेत. एकदा त्या डांगोऱ्यांना म्हणाल्या, “भाऊ, मी जाऊ का वापस मोरीवर?” ‘मालक’चे ‘भाऊ’ कधी झाले ते माझ्या लक्षात आले नव्हते. डांगोरे म्हणाले, “मोरीवर जागा नाही. तिथं मी आहे.” यावर दोघेही हसले. भाजणी मात्र पूर्वीइतकी उत्तम झाली होती. काही जुन्यांच्या मते पूर्वीपेक्षाही. गल्लीतून जाणारे त्या वासाला थांबू लागले, आत येऊ लागले. ती नवी माणसे होती, त्यांना जुने काही ठाऊक नव्हते. टेबले भरायला वर्ष लागले. त्या व्यापाऱ्यांचा नोकर मात्र दर पंधरवड्याला कॉफीची पुडी न्यायला यायचा. पुडी बांधून देताना यशोदाबाई त्याला न चुकता सांगत, “शेठले सांगजो, माह्या हातची आहे.”

आमची ती नऊ दिवसांची वाहवा डांगोरे विसरले नाहीत. दुकान नव्याने सुरू झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी शाळेतली एक दगडी पाटी भिंतीला टांगली आणि नियम केला. सकाळी पहिला जो येईल त्याला कप फुकट. बदल्यात त्याने खोड काढायची. ‘छान’ म्हणायला मनाई. खोड पाटीवर लिहिली जाईल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दूर होईल. पहिला मान बहुधा बापूरावांचा असे. त्यांना हे जड गेले. “माणसाच्या घरी खाऊन त्यालेच नावं ठेवायची?” ते कुरकुरत. “घर नाही, दुकान आहे,” डांगोरे खडू घेऊन उभे. मग हळूहळू बापूरावांना त्याची चटक लागली. दूध पातळ आहे. बशीला तडा आहे. तिसरे टेबल डुगडुगते. पंखा नुसताच फिरतो, वारा शेजारच्याला देतो. एकदा त्यांनी लिहायला लावले, ‘मालक लय बोलतात.’ त्या दिवशी दुपारपर्यंत डांगोरे खुणांनी बोलले. यशोदाबाईंनी बापूरावांना विनवले, “मागं घ्या जी ते. हातवारे पाहून पाहून मान दुखून राहिली.”

हसण्यावारी जाणारी ही गोष्ट पुढे त्या दुकानाची शिस्त झाली. चूक पाटीवर येई, पण ती कोणाची हे पाटीवर कधी येत नसे. डांगोरे ती नेहमी स्वतःच्या माथी घेत आणि, दूधवाला असो की यशोदाबाई, ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत. मी बरेच संपादक पाहिले आहेत. हे जमलेले थोडे.

डांगोऱ्यांना मी शेवटचे त्यांच्या घरी भेटलो, जाण्याच्या चार दिवस आधी. यशोदाबाईंनी माझ्याबरोबर थर्मासमधून कॉफी पाठवली होती. डांगोऱ्यांनी दोन घोट घेतले. त्यांना त्यात फक्त कडू, गोड आणि गरम एवढेच कळत असे. उरलेला कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. “कशी झाली?”

“छान,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले होते. “पंधरा वर्षं झाली भाऊ… अजून तेच.”

चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे दुकान चौथ्या दिवशी उघडले. बापूराव आता काटोलहून येत नाहीत, गुडघे गेले. पहिला मी होतो. माझ्यामागोमाग पाच-सहा जुनी गिऱ्हाइके आली आणि आपापल्या जागी बसली. मोरीपाशी कोणी नव्हते. यशोदाबाईंनी कप माझ्यासमोर ठेवला आणि खडू घेऊन पाटीशी उभ्या राहिल्या. मी एक घोट घेतला. कॉफी करपलेली होती.

पंखा होता, तिसरे टेबल होते. सांगायला काहीही सापडले असते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्याही पुढ्यात लवकरच तोच कप येणार होता. मी म्हणालो, “यशोदाबाई, बिया जास्त भाजल्या गेल्या आहेत.”

त्यांनी माझा कप उचलून नाकाशी धरला. “असन,” त्या म्हणाल्या. “काल भाजल्या. तीन दिवस झाले, नाक चोंदूनच आहे.” मग पाटीकडे वळून ठळक अक्षरांत लिहिले, ‘कॉफी करपली.’ नाव लिहिले नाही. पातेल्यातली कॉफी मोरीत ओतली, तिथेच गार पाण्याने तोंड धुऊन नाक मोकळे केले, शेगडीत नवे कोळसे घातले, पिंपात बिया टाकल्या. पाऊण तास गेला असेल. कोणी उठून गेले नाही.

यशोदाबाई एरवी पिंपावरची नजर हलवत नसत. त्या दिवशी त्या पिंपाकडे पाठ करून उभ्या होत्या. एक हात मागे मुठीवर होता. दुसऱ्या हाताने त्या समोरच्या फळीवरचे कप एकेक करून पुसत होत्या. एका कपापाशी हात थांबला.

“झाली,” त्या म्हणाल्या.